जोरांना ओढीची जोड

हैदराबादच्या दक्षिण भागात, चांद्रायणगुट्ट्याजवळ बारकस नावाची वस्ती आहे. निजामाच्या फौजेतले हद्रामौतहून आलेले अरब शिपाई इथल्या बराकींत राहत. पहिलवानांची वस्ती ही तिची ओळख अजून पुसलेली नाही. तालमीतली मेहनत म्हटली की बाहेरच्या माणसाला जोर-बैठका तेवढ्या आठवतात, पण तालीम तेवढ्यावर कधी थांबत नसे. फावड्याने हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती खणायची, हातांच्या बळावर दोर चढायचा, मुद्गल फिरवायचे आणि शेवटी जोडीदाराची मान किंवा मनगट पकडून त्याला आपल्याकडे खेचायचं. जोर हा ढकलण्याचा व्यायाम आहे. दोर, फावडं आणि पकड ही ओढण्याची कामं. तालमीतून घराघरांत पोहोचले ते मात्र नुसते जोर, कारण त्यांना साहित्य लागत नाही. वरच्या अंगासाठी सर्वांत उत्तम व्यायाम कोणता, याची चर्चा जिमपासून कट्ट्यापर्यंत रंगते. रोजच्या मेहनतीतून कोणती हालचाल गळते आहे, याकडे आधी पाहिलं तर त्या चर्चेचं निम्मं उत्तर मिळतं.

स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडणाऱ्या ताणामुळे. तो ताण लोखंडाच्या बारमुळे आला की स्वतःच्या वजनामुळे, हे स्नायूच्या तंतूला कळत नाही. साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे 64 टक्के भार हातांवर येतो, असं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत दिसलं. गुडघे टेकले तर तो 49 टक्क्यांवर उतरतो, पाय 60 सेंटिमीटर उंचावर ठेवले तर 74 टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे 70 किलोचा माणूस काहीही विकत न घेता 34 ते 52 किलोंच्या दरम्यान भार बदलू शकतो. जिमच्या फीचा विचार करता ही सोय थोडीथोडकी नाही. पण हा सगळा भार एकाच दिशेचा. छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाच्या मागचा ट्रायसेप्स यांनाच तो कामाला लावतो. पाठीचे रुंद स्नायू, खांद्याची मागची बाजू आणि बायसेप्स यांच्यावर ताण यायचा तर हातांनी काहीतरी आपल्याकडे ओढावं लागतं, आणि जमीन ढकलता येते, ओढता येत नाही.

यावर जुनी माणसं गामा पहिलवानाचं नाव घेतील. तो रोज तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका काढत असे, असं सांगतात. मग नुसत्या जोरांत काय कमी आहे? ढकलण्यापुरतं बोलायचं तर खरंच काही कमी नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2016 साली 49 तरुणांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाने जड वजन 8 ते 12 वेळा उचललं, दुसऱ्याने हलकं वजन 20 ते 25 वेळा. स्नायूंची वाढ जवळपास सारखीच निघाली. जपानी संशोधकांनी 2017 साली पुश-अपची हलक्या भाराच्या बेंच प्रेसशी तुलना केली, तेव्हाही छाती आणि ट्रायसेप्सची जाडी दोन्हीकडे सारखीच वाढली. अट एकच: सेट संपताना आणखी एक-दोनपेक्षा जास्त निघू नयेत. पन्नास जोर न थकता काढणारा माणूस साठावर गेला, तर दमसास वाढतो, दंड फारसा वाढत नाही. त्याने आकडा वाढवण्यापेक्षा पाय पायरीवर ठेवावेत. गामाचं म्हणाल, तर तो हौद्यात कुस्तीही खेळत होता. त्याची पाठ नुसत्या जोरांनी घडली असं मानायला आधार नाही.

जिममध्ये जाणाऱ्यांचा आक्षेप वेगळा असतो: यंत्रं खोटी, मोकळं वजनच खरं. अशा तुलनांचे आजवर झालेले अभ्यास एकत्र पाहिले, तर स्नायूंच्या वाढीत दोन्हींमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. ताकदीत फरक पडतो तो सरावाच्या पद्धतीपुरता: ज्या पद्धतीने सराव, त्या पद्धतीच्या परीक्षेत जास्त गुण. यंत्राकडून अपेक्षा ठेवायची ती भार वाढवता येण्याची. हैदराबादच्या उद्यानांतून महापालिकेने बसवलेली उघड्यावरची व्यायामयंत्रं इथेच अडतात. त्यांच्यात बसलेल्या माणसाचंच वजन वर उचललं जातं. दोन महिन्यांत ते सवयीचं होतं आणि वाढवायला काही उरत नाही. त्याच उद्यानातला साधा आडवा बार जास्त उपयोगाचा. लोंबकळायचं, मग पाय टेकवून अर्धवट ओढायचं, मग पूर्ण. मात्र बेंच प्रेससारखे अनेक सांधे एकदम हलवणारे मोठे व्यायाम सगळं करतात, हेही पूर्ण खरं नाही. ट्रायसेप्सचं लांब डोकं (त्याचा एक भाग) खांद्याच्या सांध्यावरूनही जातं, त्यामुळे बेंच प्रेसमध्ये ते पुरेसं वापरलं जात नाही. 2020 च्या एका ब्राझिलियन प्रयोगात ते वाढलं ते फक्त कोपर उलगडण्याच्या व्यायामाने. जपानमधल्या एका प्रयोगात हात डोक्यावर नेऊन केलेल्या व्यायामाने खाली हात ठेवून केलेल्यापेक्षा जास्त वाढ दिली, भार कमी असूनही. स्नायू ताणलेल्या स्थितीत राबला तर फायदा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हे सगळं तरुण पोरांचं वेड, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं छायाचित्र पाहावं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्या छायाचित्रात ते लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर उभे आहेत. दोघांचा बीएमआय 22.3; युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. काट्यावर सारखीच दिसणारी भारतीय देहयष्टी आतून किती वेगळी असते, ते या जोडीने दाखवलं. रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात, म्हणून मधुमेहाने गांजलेल्या हैदराबादसारख्या शहरात हा दिखाव्याचा विषय राहत नाही. बायकांना वरच्या अंगाचे व्यायाम झेपत नाहीत हाही गैरसमजच. 2020 च्या एका संकलित विश्लेषणात स्नायूंची वाढ पुरुष-स्त्रियांत तुलनेने सारखीच होती. वरच्या अंगाच्या ताकदीत तर सुरुवातीच्या मानाने स्त्रियांची वाढ सरस निघाली. सुरुवात खालून करावी लागते इतकंच. हात 60 सेंटिमीटर उंच कट्ट्यावर टेकवले तर पुश-अपचा भार शरीराच्या वजनाच्या 41 टक्क्यांवर येतो, साठ किलोच्या बाईसाठी पंचवीस किलोंच्या आसपास. ओढीसाठी भक्कम खांबाला चादर गुंडाळून, दोन्ही टोकं धरून मागे रेलायचं. पाय जितके खांबाजवळ सरकवाल तितकं ओझं वाढतं.