संगणक मंदावतो, पण केव्हा?

घरी असेंबल केलेला संगणक ‘स्लो’ झाला की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणते, रॅम वाढवा. कोणी म्हणते, ग्राफिक्स कार्ड जुने झाले. दुकानदार म्हणतो, एकदा फॉरमॅट मारून घेऊ. यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर ठरतो. मात्र बिघाड कुठे आहे हे न पाहता केलेल्या उपायात बहुतेक वेळा पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. कधी नुकसान याहून मोठे असते. दहा वर्षांचे फोटो, मुलांचे प्रकल्प आणि घरचे हिशेब एका फॉरमॅटमध्ये पुसले जातात.

कंपनीकडून तयार आलेल्या डेस्कटॉपमधले भाग एकत्र जोडून, चालवून पाहिलेले असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन एकेक भाग मागवून संगणक जुळवला, की ही तपासणी जुळवणाऱ्याकडे येते. त्यामुळे अशा यंत्रात सगळे भाग उत्तम असूनही जोडणीतला एखादा दोष वेग खाऊ शकतो. म्हणून ‘काय बदलू?’ या प्रश्नाच्या आधी ‘तो नेमका केव्हा मंदावतो?’ हे विचारावे. पहिल्या दिवसापासून, काम सुरू केल्यावर अर्ध्या तासाने, की गेल्या काही दिवसांतच? या तीन उत्तरांची कारणे बरीचशी वेगळी आहेत.

पहिल्या दिवसापासून मंद

नवा संगणक सुरुवातीपासूनच अपेक्षेपेक्षा मंद असेल, तर संशय आधी जोडणीवर आणि सेटिंगवर घ्यावा. सर्वांत सोपी चूक मॉनिटरच्या केबलची. संगणकाच्या मागे मदरबोर्डचे आणि ग्राफिक्स कार्डचे अशी दोन ठिकाणी खोबणी असतात. केबल मदरबोर्डला लावली, तर गेमचे चित्र बऱ्याचदा प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर तयार होते आणि हजारो रुपयांचे कार्ड बसून राहते. केबल दुसरीकडे लावायला एक मिनिट लागते.

दुसरी जागा रॅमची. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये घरगुती संगणकात साधारणपणे दोन वाटा असतात. १६ जीबीची एकच पट्टी लावली तर एकच वाट वापरली जाते. ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर दोन्ही. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. माहितीपुस्तिकेत ते स्पष्ट दिलेले असते. शिवाय खोक्यावर छापलेला रॅमचा वेग आपोआप मिळेलच असे नाही. डीडीआर ५ प्रकारची ६००० वेगाची रॅम बायोसमधले एक्सएमपी किंवा एक्स्पो हे सेटिंग चालू करेपर्यंत अनेकदा ४८०० वरच चालते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात मेमरीवर क्लिक केले, की प्रत्यक्ष वेग आणि वापरात असलेल्या खाचा दोन्ही दिसतात.

एसएसडी बसवलेली असते, पण विंडोज जुन्या हार्ड डिस्कवरच राहिलेले असते, हाही नेहमीचा प्रकार. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ. माहिती शोधायला तिला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. रॅमला लागणारा वेळ साधारण सेकंदाचा एक कोटीवा भाग. म्हणजे फरक सुमारे एक लाख पटींचा. रॅम भरली की विंडोज तिच्यातली काही माहिती डिस्कवर ठेवू लागते. ती डिस्क फिरणारी असेल, तर माउस हलवला तरी बाण अडखळतो.

अर्ध्या तासानंतर मंद

सुरू केल्यावर संगणक छान पळतो आणि अर्ध्या तासाने गेम किंवा व्हिडिओचे काम रखडू लागते, तेव्हा कारण बहुधा उष्णतेत सापडते. आजचे प्रोसेसर स्वतःचे तापमान सतत मोजतात. ते ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपासच्या मर्यादेला पोचले, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. वापरणाऱ्याला हा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात चिप स्वतःला जळण्यापासून वाचवत असते. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि वेग शेजारी शेजारी पाहता येतात. तापमान वर चढून टेकले आणि त्याच क्षणी वेग घसरला, तर निदान झाले.

कारणे साधी असतात. कूलरच्या बुडाशी असलेला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून जातो. कूलरची एखादी खुंटी मदरबोर्डमध्ये पूर्ण शिरलेली नसते. काही वर्षांनी थर्मल पेस्ट सुकते. कॅबिनेटचे सगळेच पंखे हवा बाहेर फेकतात किंवा पुढची जाळी धुळीने बुजते. आपल्याकडे ऋतूचाही हिशेब धरावा लागतो. खोलीचे तापमान १० अंशांनी वाढले आणि पंख्यांचा वेग तोच राहिला, तर चिपचे तापमानही साधारण तेवढेच वाढते. जानेवारीत नीट चालणारा संगणक विदर्भातल्या मे महिन्यात म्हणूनच अडखळतो.

साफसफाईआधी संगणक बंद करून प्लग काढावा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोतात ते बेफाम फिरले तर पंखा खराब होऊ शकतो. नवी पेस्ट लावण्याआधी जुनी पूर्ण पुसावी. नवीन पेस्ट वाटाण्याएवढी पुरते.

गेल्या काही दिवसांत मंद

वर्षभर चांगला चाललेला संगणक अचानक मंदावला, तर त्या सुमारास काय बदलले ते आठवावे. नवे सॉफ्टवेअर किंवा अपडेट आले होते का ते पाहावे; संगणक सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामची यादी टास्क मॅनेजरमध्ये मिळते. काहीही काम चालू नसताना प्रोसेसर तासन् तास व्यस्त दिसत असेल, तर एखादा छुपा घातक प्रोग्राम आहे का हे तपासावे. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घटतो. तिच्यात दहा-वीस टक्के जागा मोकळी असलेली बरी.

सर्वांत गंभीर शक्यता मरणपंथाला लागलेल्या डिस्कची. फोल्डर उघडायला मिनिट लागणे, फाइल कॉपी होताना मध्येच थांबणे, हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणे ही तिची लक्षणे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यस्त दिसते, पण प्रत्यक्षात माहिती अगदी थोडी हलत असते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने ती वाचता येते. त्यात धोक्याची सूचना दिसली, तर फॉरमॅट, डीफ्रॅग किंवा लांबलचक स्कॅन काहीही करू नये. आधी महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. आजारी डिस्कला दिलेले प्रत्येक जास्तीचे काम तिचे उरलेले आयुष्य खाते. फाइल सुरक्षित झाल्यावर मग डेटा केबल बदलून पाहावी; कधी कधी दोष तेवढाच असतो.

आकडे वाचताना एक फसगत टाळायला हवी. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एखादा प्रोग्राम एकच थ्रेड वापरत असेल, तर तो थ्रेड पूर्ण दमलेला असूनही एकूण वापर जेमतेम ६ टक्के दिसतो. ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे’ हा निष्कर्ष तिथे चुकतो. टास्क मॅनेजरमधल्या आलेखावर उजवे क्लिक करून प्रत्येक थ्रेड वेगळा पाहिला की खरे चित्र दिसते.

एका वेळी एकच बदल करावा. आधी वेळ मोजावा, बदल करावा आणि पुन्हा मोजावा. संगणक सुरू व्हायला किती सेकंद लागले, गेममध्ये किती फ्रेम मिळाल्या, तापमान किती झाले, हे वहीत लिहून ठेवले तरी पुरते. रॅम, पेस्ट आणि विंडोज एकाच रविवारी बदलले, तर फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही, आणि तीच तक्रार परत आली की सगळे पहिल्यापासून शोधावे लागते. तपासणीनंतर एखादा भाग घ्यावा लागलाच, तर दुकानात जाताना त्याचे नाव आणि कारण दोन्ही माहीत असते.