मोहरी नाकात का चढते?

मोहरीचे अख्खे दाणे हुंगून पाहिले तर झणका मुळीच येत नाही. लोणच्यासाठी तीच मोहरी पाणी घालून फेसायला घेतली, की थोड्याच वेळात ती नाकात चढते. फोडणीत तडतडलेली मोहरी मात्र खमंग लागते, झोंबत नाही. हा फरक समजला की वनस्पती किड्यांपासून स्वतःला कशी वाचवते, याचे अर्धे उत्तर आपल्या हाती येते.

मोहरी, कोबी, फ्लॉवर आणि मुळा ही एकाच कुळातली मंडळी. त्यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे साठवलेली असतात. त्यांत गंधक असते आणि साखरेचा एक रेणू जोडलेला असतो. ही संयुगे नुसती असताना विशेष झोंबत नाहीत. त्यांच्यापासून वेगळे, बहुतेकदा शेजारच्या पेशींत, मायरोसिनेज नावाचे विकर असते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ज्याला आपण एन्झाइमही म्हणतो.

अळीने पान कुरतडले की पेशी फुटतात आणि दोन्ही पदार्थ एकमेकांत मिसळतात. विकर साखर तोडते आणि उरलेल्या भागापासून आयसोथायोसायनेट हे झोंबणारे, किड्यांना घातक द्रव्य तयार होते. मोहरी फेसताना आपणही नेमके हेच करतो. फोडणीच्या कडकडीत तेलात विकर निकामी होते, म्हणून झणका येत नाही. तयार विष साठवले असते तर झाडाच्याच पेशींना इजा झाली असती, म्हणून ही फारकत.

आता ही रसायने आली कुठून? वनस्पती कोऱ्या पाटीपासून सुरुवात करत नाही. प्रथिने बनवण्यासाठी तिच्याकडे अमिनो आम्ले असतातच. त्यांच्यापासून सायनाइड सोडणारी संयुगे बनवणारी विकरेही अनेक वनस्पतींत आधीपासून आहेत. ग्लुकोसिनोलेट बनवण्याची पहिली पायरी त्याच घराण्यातली विकरे पार पाडतात. म्हणजे जुनीच साधने वेगळ्या कामाला लागली.

हे शक्य होते ते जनुकांच्या दुप्पट होण्यामुळे. जनुक म्हणजे विशिष्ट प्रथिन कसे बनवायचे याची पेशीतली नोंद. कधीकधी चुकून एका जनुकाच्या दोन प्रती होतात. घरात पाककृतींच्या दोन वह्या असाव्यात तसे हे आहे: एक वही जपून ठेवली की दुसरीत फेरफार करून पाहता येतात. जुने काम पहिली प्रत करत राहते, दुसरीत बदल साचतात, आणि क्वचित त्यातून नवे रसायन निघते. मोहरीच्या वंशात तर सगळी जनुके एकदम दुप्पट होण्याचे प्रसंगही घडले आहेत. आज शंभराहून अधिक प्रकारची ग्लुकोसिनोलेटे माहीत आहेत.

समजुतीचा सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘किडे त्रास देऊ लागले, म्हणून झाडाने विष तयार केले,’ असे आपण सहज बोलून जातो. एका झाडापुरते हे काही अंशी खरेही आहे. पान कुरतडले गेल्यावर अनेक झाडे आपल्या संरक्षक द्रव्यांचे प्रमाण वाढवतात. पण ती क्षमता मुळात आली कशी, याचे हे उत्तर नव्हे. बदल आधी होतात, तेही कुठलाही हेतू नसताना. किडे फक्त निवड करतात: कमी खाल्ल्या गेलेल्या झाडांचे बी जास्त पडते, आणि पुढच्या पिढीत त्यांचीच संख्या वाढते.

ही निवड प्रत्यक्ष पाहता आली आहे. मोहरीच्याच कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपावरचा एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या वाणांच्या मिश्र रोपांवर मावा सोडून ती पाच पिढ्या वाढवली. मावा कोणत्या जातीचा, त्यावर कोणती रासायनिक घडण टिकते हे ठरत गेले. जिथे मावा नव्हताच, तिथे भराभर वाढणारे, पण संरक्षणात कमी पडणारे वाण पुढे गेले. संरक्षणालाही किंमत मोजावी लागते, आणि शत्रू नसेल तर ती किंमत जड जाते. त्यामुळे जितके जास्त विष तितके झाड सुरक्षित, हा हिशेबही चुकतो.

मग इतकी व्यवस्था असताना कोबीला अळी लागतेच कशी? कारण किड्यांमध्येही हीच निवड चालू असते. युरोपातल्या कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीच्या आतड्यात एक प्रथिन असते. ते रासायनिक क्रियेला वेगळे वळण देते, आणि आयसोथायोसायनेटऐवजी कमी घातक द्रव्य तयार होते. मोहरीच्या गणात ग्लुकोसिनोलेटे आली सुमारे आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी. त्यानंतर साधारण एक कोटी वर्षांत या फुलपाखरांच्या वंशाला हा उपाय सापडला. आपल्याकडे कोबी-फ्लॉवरवर येणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी दुसराच मार्ग घेते. मायरोसिनेजला संधी मिळण्याआधीच ती ग्लुकोसिनोलेटमधला सल्फेटचा भाग काढून टाकते, मग झोंबणारे द्रव्य तयारच होत नाही. कोबीवरचा एक मावा तर त्याहून पुढे गेला आहे: झाडाची ग्लुकोसिनोलेटे तो अंगात साठवतो आणि स्वतःचे मायरोसिनेजही बाळगतो, त्यामुळे त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांनाच त्रास होतो.

पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये फुलपाखरे आणि त्यांची खाद्य झाडे यांचा ताळा घालून ही चढाओढ मांडली. आज तिला सहउत्क्रांती म्हणतात, म्हणजे दोन जीवांनी एकमेकांना घडवत बदलत जाणे.

विषावर मात केलेल्या किड्याला त्याचा वास उलट आपले अन्न ओळखायला उपयोगी पडतो. डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हर्शाफेल्ट यांनी हे १९१० मध्येच दाखवले होते: एरवी न खाल्ल्या जाणाऱ्या पानांना मोहरीवर्गीय झाडांतले ग्लुकोसिनोलेट लावले, की कोबीच्या अळ्या ती पाने खाऊ लागत.

शेतात याच खोडीचा उपयोग करून घेता येतो. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लागवडीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरायची, अशी शिफारस आहे. ठिपक्यांच्या पतंगाची मादी कोबी सोडून बरीचशी अंडी मोहरीवर घालते. मोहरी उशिरा पेरली तर मात्र कोबीची रोपे लहान असताना पतंगाला दुसरीकडे वळवणारे काहीच नसते. मोहरीवर जमलेल्या अळ्यांचा तिथेच बंदोबस्तही करावा लागतो. नाहीतर त्यांचीच पुढची पिढी शेजारच्या कोबीवर उतरते.