जुन्या गाडीची घरगुती देखभाल
लेखांक अकरावा : इंजिनाचे फाउंडेशन

गेल्या आठवड्यात प्लग, कार्बुरेटर आणि टॅपेट यांची तपासणी करून इंजिनाची मंद गती कशी स्थिर करावी, याचा विचार आपण केला. ती सर्व तजवीज यथासांग झाल्यावरही ज्यांच्या गाडीचे स्टिअरिंग सिग्नलपाशी उभे असताना थरथरत राहते, आरशातील मागचे दृश्य अस्पष्ट होते आणि क्लच सोडताक्षणी बॉनेटखालून धप्प असा आवाज उठतो, त्यांनी आता इंजिनाच्या अंतर्भागावरील दृष्टी काढून ती त्याच्या आधाराकडे वळवावी. मिस्त्री मंडळी ज्याला फाउंडेशन म्हणतात तो हा आधार म्हणजे धातूच्या दोन भागांमध्ये, किंवा धातूच्या नळीभोवती, उष्णतेच्या प्रक्रियेने एकजीव केलेला रबराचा गोळा होय. त्याची किंमत इंजिनाच्या मानाने नगण्य, परंतु गाडीत बसणाऱ्याच्या सुखदुःखावर त्याचा अंमल फार मोठा असतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हे काम घरी करता येते. मात्र त्यात पाने चालवण्याचे कौशल्य थोडे आणि भाराचा हिशेब फार आहे. इंजिन व गिअरबॉक्स यांचे वजन या क्षणी कोणावर टेकले आहे आणि पुढचा बोल्ट सुटल्यावर ते कोणावर जाईल, या दोन प्रश्नांची उत्तरे जो प्रत्येक पायरीवर देऊ शकतो, त्यानेच या कामास हात घालावा. आजचा सारा लेखांक या एका सूत्राचा विस्तार आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेत इंजिन सांगाड्याला सरळ बोल्टांनी आवळून टाकण्याची रीत सर्रास होती, आणि त्यामुळे त्याचा प्रत्येक धक्का सांगाड्यातून आसनापर्यंत विनाविलंब पोहोचत असे. 1931 साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत चार सिलिंडरांचे इंजिन रबराच्या आधारांवर अशा रीतीने बसवले की, ते स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती मोकळेपणाने डोलू शकावे. या योजनेस ‘फ्लोटिंग पॉवर’ असे नाव मिळाले, आणि फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने पुढच्याच वर्षी परवाना घेऊन ती आपल्या गाड्यांत आणली. इंजिनाला धरून ठेवायचे, पण जखडून टाकायचे नाही, हे तत्त्व तेव्हापासून मोटार-बांधणीत रूढ झाले.

या तत्त्वात एक मूलभूत विरोध दडलेला आहे. कंप अडवायचा तर रबर मऊ हवे, आणि इंजिन जागेवर ठेवायचे तर ते कठीण हवे. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी 2014 पर्यंत निर्माण होत राहिलेली मारुती 800 हिचे उदाहरण घेऊ. कारण महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही ती उभी आहे आणि तिच्या इंजिनाची रचना या विरोधाचा उत्तम दाखला आहे. तीन सिलिंडरांच्या इंजिनात दट्ट्यांची वरखाली होणारी ओढ एकमेकांस बरीचशी छेदून टाकते. परंतु ते तिन्ही एका रेषेत थोड्या थोड्या अंतरावर असल्यामुळे इंजिनाची एक बाजू उचलली जात असता दुसरी दबली जाते, आणि ते लांबीच्या दिशेने झुलत राहते. शिवाय चार आघातांच्या चक्रात दर दोन फेऱ्यांमागे तीनदा ज्वलन होत असल्याने, मिनिटाला 900 फेऱ्यांच्या मंद गतीवर सेकंदास सुमारे साडेबावीस ठोके पडतात. हा कंप संथ असल्यामुळे त्याला अडवणे वेगवान कंपापेक्षा दुर्घट असते. म्हणूनच गाडी चालू लागली की नाहीशी होणारी थरथर उभ्या गाडीत मात्र अंगाला जाणवते.

दुसऱ्या बाजूचा हिशेब याहूनही उद्‌बोधक आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या, इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना असलेल्या गाडीत डिफरन्शियल मागच्या आसावर असते. त्यामुळे तेथे वाढलेल्या पिळाची प्रतिक्रिया तो आसच सोसतो आणि पुढच्या रबरांच्या वाट्याला गिअरबॉक्सपर्यंतचाच पीळ येतो. मारुतीत इंजिन आडवे, आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ या दोन ठिकाणी मिळून दहापटीहून अधिक वाढतो आणि त्याची संपूर्ण प्रतिक्रिया फाउंडेशनवर आदळते. चाके पुढे फिरू लागताच इंजिनाचा माथा मागे, चालकाच्या दिशेने कलतो. रिव्हर्स टाकला की तो पुढे येतो. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत साधारणपणे काही रबरे वजन पेलतात, तर एखादे या कलण्याला आवर घालण्यासाठीच नेमलेले असते. कोणते रबर कोणत्या कामावर आहे हे ओळखल्याशिवाय पाना उचलू नये.

रबराचा अंत सहसा तीन वाटांनी येतो. इंजिनाच्या उष्णतेने आणि हवेतील प्राणवायूने ते वर्षानुवर्षे कठीण होत जाते. ओझोनमुळे त्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. आणि टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा एखाद्या ऑइल सीलमधून झिरपणारे तेल त्यावर पडत राहिल्यास ते फुगून भुसभुशीत होते. फाउंडेशनसाठी बहुधा नैसर्गिक रबर वापरतात, कारण वारंवार ताणले-दाबले जाण्यात त्याची बरोबरी करणारे पदार्थ थोडे. परंतु खनिज तेलापुढे त्याचा निभाव लागत नाही. म्हणून तेलाची गळती तशीच ठेवून नवे रबर बसवणे म्हणजे त्यालाही जुन्याच्याच वाटेने पाठवणे होय. गळतीचा बंदोबस्त आधी, रबर नंतर.

या दोषाचे वैशिष्ट्य असे की, कसूर एकाचा आणि तक्रार दुसऱ्याची असा प्रकार वारंवार घडतो. गिअर नीट पडत नाही म्हणून क्लच बदलला जातो, सायलेन्सरचा पाइप सांध्यात पुन्हा पुन्हा फुटतो म्हणून तो पुन्हा पुन्हा वेल्ड केला जातो, अॅक्सलचा सांधा अकाली वाजू लागतो म्हणून तो नवा घातला जातो. आणि या सर्वांच्या मुळाशी, इंजिन आपल्या जागेवरून हलते आहे ही एकच गोष्ट असू शकते. पालखीच्या चार भोयांपैकी एकाने खांदा काढून घेतला तर उरलेल्या तिघांचे जे होते, तेच एक रबर निकामी झाल्यावर इतरांचे होते. यास्तव एक तुटलेले आढळले तर बाकीचे निर्दोष आहेत असे गृहीत न धरता प्रत्येकाची स्वतंत्र खातरजमा करावी.

तपासणी दोन प्रकारे करावी. पहिली चालत्या इंजिनावर : गाडी सपाट जागी, पुढे-मागे कोणीही उभे नाही अशी खात्री करून, हँडब्रेक ओढून ठेवावी. जाणत्या माणसाने चालकाच्या आसनावर बसून ब्रेक पूर्ण दाबावा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडून पुन्हा दाबावा. नंतर हेच रिव्हर्समध्ये करावे. आपण बाजूला, चाकांपासून दूर उभे राहून उघड्या बॉनेटमधून पाहावे. इंजिन थोडे कलून परत येणे हा त्याचा धर्मच आहे. मात्र ते उडी मारल्यासारखे उचलले गेले, अथवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज झाला, तर रबर फाटले आहे असे समजावे. दुसरी तपासणी बंद आणि थंड इंजिनावर : बॅटरीच्या उजेडात प्रत्येक रबर पाहावे, आणि जॅकने इंजिनाचा भार किंचित उचलून धरल्यावर रबर व धातू यांच्यामध्ये फट उघडते काय ते तपासावे. चिरेचा मागमूस नसूनही जे रबर दगडासारखे कठीण झाले किंवा बसून चपटे झाले, तेही बाद समजावे. कारण ते धरून ठेवण्याचे काम करीत असले तरी कंप अडवण्याचे काम त्याने केव्हाच सोडून दिलेले असते.

खरेदीत हयगय नको. जुन्या बाजारातून अनेक भाग खुशाल आणावेत, पण रबर आणू नये. कारण मोडीत निघालेल्या गाडीतील रबराचे वय आपल्या गाडीतील रबराइतकेच असते. नकली मालात दोष दोन : रबर नको तेवढे कठीण, आणि धातूशी त्याची जोड कच्ची. नवा भाग विकत घेताना त्याची उंची, छिद्रांतील अंतर आणि बसवण्याची दिशा दाखवणारी खूण ही जुन्याशी ताडून पाहावीत. काही हौशी मंडळी शर्यतीच्या गाड्यांतील पॉलियुरेथेनचे कठीण आधार बसवतात. त्या आधारांमुळे इंजिन हलत नाही हे खरे, पण जी थरथर घालवण्यासाठी आपण हा सारा खटाटोप करतो, ती त्यामुळे वाढते.

आता पूर्वतयारी. आदल्या संध्याकाळी सर्व बोल्टांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. कोकणपट्टीतील खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीस तर दोनदा. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, बॅटरीची ऋण तार सोडवावी. खाली जाण्याची गरज असेल तर गाडीचा पुढचा भाग उचलून योग्य जागी जॅक स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये, आणि विटांचा आधार तर मुळीच घेऊ नये. वीट फुटण्यापूर्वी सूचना देत नाही.

इंजिन पेलण्यासाठी दुसरा, स्वतंत्र जॅक लागतो. तो ऑइल चेंबरखाली थेट लावू नये. चेंबरचा पत्रा दबला तर त्याच्या तळालगत असलेली तेल ओढणारी जाळी अडण्याचा आणि पुढे इंजिनास तेल न मिळण्याचा धोका असतो. मध्ये चेंबरएवढी रुंद, जाड लाकडी फळी घालावी. आणि गिअरबॉक्सकडचे रबर काढायचे असेल तर जॅक गिअरबॉक्सच्या भक्कम भागाखाली न्यावा. जॅक कितपत वर घ्यावा, यावर पुष्कळसे यश अवलंबून असते. रबरावरील दाब गेला, बोल्ट हाताने डोलू लागला, की तेथेच थांबावे. त्यापुढील प्रत्येक बोटभर उंची रेडिएटरच्या नळ्या, सायलेन्सरचा सांधा, अॅक्सल, अॅक्सिलरेटरची व क्लचची केबल यांच्याकडून वसूल केली जाते. उचलताना एका हाताने जॅक आणि डोळ्यांनी या सर्वांवर पहारा ठेवावा.

येथे या कामाचा मुख्य दंडक येतो : एका वेळी एकच रबर. एक काढून, नवे बसवून, त्याचे बोल्ट हाताने लावल्याशिवाय दुसऱ्यास स्पर्श करू नये. दोन आधार एकदम सोडले की इंजिन कोणत्या बाजूस घरंगळेल हे सांगता येत नाही, आणि मग छिद्रे जुळवण्यात दुपार जाते. काढण्यापूर्वी ब्रॅकेटच्या कडेने रंगाची खूण करावी, कारण पुष्कळ ठिकाणी छिद्रे लांबट असतात आणि मूळ जागा नजरेने सापडत नाही. बोल्ट सोडवताना गोल तोंडाचा रिंग पाना किंवा सॉकेट वापरावे; फिक्स पान्याने गंजलेल्या बोल्टाचे कोपरे झिजतात. ब्रॅकेट निघाल्यावर ते स्वच्छ करून त्यास बारीक तडा गेला आहे काय हे पाहावे. नवे रबर बसताना छिद्रे जुळत नसतील तर बोल्ट हातोडीने ठोकू नये. जॅक किंचित वर-खाली केला, किंवा पहारीने इंजिन अलगद सरकवले, की ती जुळतात.

शेवटची आवळणी हा स्वतंत्र विधी आहे. सर्व रबरे बदलून झाल्यावर बोल्ट सैलसर ठेवूनच जॅक हळूहळू उतरवावा, इंजिनाचे संपूर्ण वजन नव्या आधारांवर येऊ द्यावे, आणि मग इंजिन हाताने पुढे-मागे झुलवून त्याला आपली नैसर्गिक जागा घेऊ द्यावी. त्यानंतर, आणि त्यानंतरच, वजन पेलणाऱ्या रबरांचे बोल्ट व सर्वांत शेवटी कल आवरणाऱ्या रबराचा बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याच्या साहाय्याने आवळावा. जॅकवर उचललेल्या स्थितीत आवळल्यास रबर आरंभापासूनच पिळलेले राहते. ते कंप नीट अडवत नाही आणि अल्पावधीत फाटते. नवे रबर घालूनही थरथर गेली नाही अशा फिर्यादींत या चुकीचा वाटा बराच असतो.

काम संपल्यावर क्लचचा मोकळा खेळ, अॅक्सिलरेटरची केबल आणि गिअरची दांडी यांची रुजुवात घ्यावी. इंजिन मूळ उंचीवर आल्यामुळे त्यांचे माप बदललेले असू शकते. बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू करावे, तपासणीचा पहिला प्रकार पुन्हा करावा, आणि काहीशे किलोमीटर गाडी चालल्यावर बोल्ट एकवार पाहून गाडीच्या वहीत तारीख व मीटरचा आकडा नोंदवावा. मात्र ज्या गाडीत रबराच्या पोटात द्रव भरलेले हायड्रॉलिक आधार आहेत, किंवा जेथे पुढची सारी चौकट उतरवल्याशिवाय फाउंडेशन हाती लागत नाही, अथवा ब्रॅकेटच तडकलेले आहे, तेथे घरचा प्रयत्न आवरता घ्यावा; कारण अशा वेळी भार कोणावर द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर घरच्या एका जॅकपाशी आणि एका फळीपाशी नसते.

एवढे करूनही एका ठराविक वेगावर गाडीत घुमणारा आवाज उरला, तर तो बहुधा इंजिनाचा नसून सायलेन्सरच्या रबरी कड्यांचा असतो. त्यांचा विचार पुढील आठवड्यात.