माशाची पुष्टता कशी पारखावी

काचपेटीतील माशाला तराजूत घालण्याची सोय नसल्याने त्याच्या पुष्टतेचा अदमास नजरेनेच घ्यावा लागतो. आणि त्या कामी बाजूने दिसणाऱ्या पोटापेक्षा वरून दिसणारी पाठ हाच अधिक विश्वसनीय पुरावा होय. उदाहरणार्थ, गप्पी माशाची पाठ डोक्यामागे भरीव असून शेपटीकडे क्रमाक्रमाने निमुळती होत गेली, तर प्रकृती उत्तम समजावी. परंतु मस्तक धडाहून रुंद भासू लागले, पाठीचे स्नायू खचले व पोट आत गेले, म्हणजे उपासमार, आतड्यांतील कृमी किंवा क्षय यांची तहकीकात करणे जरूर आहे. उलटपक्षी, फुगलेले पोट म्हणजे मेदच असे नव्हे: मादीच्या उदरात पिल्ले असू शकतात, बद्धकोष्ठही असू शकते, आणि सर्वांगाचे खवले बाहेर उभारलेले असतील, तर ते जलोदराचे लक्षण मानून तत्काळ उपचार योजावेत.