गडावरचे जेवण आणि पाठीवरचे भांडे

सुटी लागली की तरुणांचे पाय डोंगराकडे वळतात. आम्हां पलसाणेकरांना पूर्वेस बारडोली, व्यारा व डांग ओलांडले की बागलाणातला साल्हेर गाठता येतो. हा १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. दोन दिवस चालायचे, तर केवळ बिस्किटांवर भागत नाही; संध्याकाळी ऊन वरणभात हवा. मग प्रश्न उभा राहतो : भांडे कोणते न्यावे?

घरचे पितळी पातेले अर्थातच नको. एकाच आकाराची व जाडीची भांडी घेतली, तर पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट भरते. हल्ली टायटॅनियमची अतिशय पातळ व हलकी भांडी मिळतात. चहाचे पाणी उकळण्यास ती उत्तम. परंतु हा धातू उष्णता नीट पसरू देत नाही. मधला भात करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. म्हणून खरा स्वयंपाक करणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमचे, रुंद व सपाट बुडाचे पातेले घ्यावे हेच बरे. साध्या अ‍ॅल्युमिनियममध्ये चिंच-कोकमाचे कालवण रात्रभर ठेवू नये, एवढे पथ्य पाळावे.

चौघांस तीन लिटरचे एक व त्यात बसणारे दोन लिटरचे दुसरे, अशी दोन पातेली पुरेत. लहान पातेल्याच्या पोटात डाळ व मसाला भरावा. दांडे नकोत, एक सांडशी दोहोंस चालते. झाकण मात्र विसरू नये. साल्हेरच्या माथ्यावर पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते, त्यामुळे डाळ शिजण्यास वेळ लागतो. तूरडाळीऐवजी भिजवलेली मूगडाळ घ्यावी, इंधन वाचते. इंधनाचेही वजन असतेच! स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा करावा. पण गॅसची डबी चोहोंकडून झाकू नये, ती तापणे धोक्याचे आहे.

निघण्यापूर्वी घरच्या अंगणात, त्याच स्टोव्हवर व त्याच पातेल्यात, एकदा वरणभात करून पाहावा. आणखी एक. सर्व भांडी सोबतच्या लहान मुलाच्या पाठीवर लादण्याची रीत दिसते, ती सोडावी. पातेले एकाने, इंधन दुसऱ्याने, शिधा तिसऱ्याने व पाणी चौथ्याने घ्यावे. जेवण चौघांचे, तर ओझेही चौघांचेच.