काट्यावरचा जुना पीसी आणि सिरियल कार्ड: बसवायचं कसं, बिघाड शोधायचा कसा

ऐकताना पिनचे नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून आजचा भाग इथे लिहूनही देतोय. मोबाईलवर हे पान उघडं ठेवा आणि कॉम्प्युटरसमोर बसा.

आधी सांगतो, हा विषय कशाला घेतला. आपला बुलडाणा जिल्हा म्हणजे कापूस आणि सोयाबीन. कापसासाठी १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेची फाटा-लाईन आली, इतका हा धंदा जुना. आज खामगाव, मलकापूर, नांदुरा, चिखली, कुठेही जा, जिनिंगवर नाहीतर बाजार समितीजवळ ट्रॉल्या उभ्या असतात आणि पहिलं काम काट्यावर. भरलेली गाडी चढते, वजन होतं, मग रिकामी गाडी चढते, पुन्हा वजन होतं, आणि पावती निघते.

हे वजन काट्याच्या इंडिकेटरमधून, म्हणजे लाल आकडे दिसतात त्या डब्यातून, कॉम्प्युटरमध्ये जातं. बहुतेक जुन्या काट्यांवर ते सिरियल पोर्टमधून जातं. हा पोर्ट बंद पडला की काटा बंद पडत नाही. आकडा दिसत राहतो आणि ऑपरेटर तो बघून हाताने टाईप करतो. गोची इथेच आहे. समजा इंडिकेटरवर ५,६४० किलो आहे आणि गर्दीत टाईप झालं ५,४६०. फरक १८० किलोचा. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये क्विंटल. म्हणजे दोन आकडे उलटे पडले की शेतकऱ्याचे साडेतेरा हजार रुपये गेले. मुद्दाम कुणी केलं नसेल तरीही गेले.

म्हणून हा पोर्ट चालू राहणं महत्त्वाचं. आणि तो चालू करायला नवा कॉम्प्युटर लागतोच असं नाही. बऱ्याचदा एक कार्ड, वायरचा एक तुकडा आणि अर्धा तास पुरतो. अट एकच: कार्ड, ड्रायव्हर, नंबर, केबल, सॉफ्टवेअर अशी ही साखळी आहे. एकेक कडी तपासायची, सगळं एकदम हलवायचं नाही.

सिरियल पोर्ट म्हणजे काय

आरएस-२३२ हे स्टँडर्ड पहिल्यांदा १९६० मध्ये आलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडीलही तेव्हा जन्मले नव्हते. कॉम्प्युटरच्या मागे नऊ पिनांचा, इंग्रजी डी अक्षरासारखा जो पोर्ट असतो, तोच हा. त्यात पिना बाहेर आलेल्या असतात, पाच आणि चार अशा दोन रांगांत. मॉनिटरचा व्हीजीए पोर्ट जवळपास तेवढाच असतो, पण त्यात तीन रांगांत पंधरा भोकं असतात. दोन्हींत गल्लत करू नका.

नऊपैकी आपल्या कामाच्या पिना तीनच. दोन नंबरवर कॉम्प्युटर ऐकतो, तीन नंबरवर बोलतो आणि पाच नंबर म्हणजे ग्राउंड. एका वेळी एक बिट, एकामागे एक, म्हणून नाव सिरियल. वेग ९६०० ठेवला तर सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. यूएसबीपुढे हे काहीच नाही, पण वजनाचा आकडा पाठवायला भरपूर झालं.

कार्ड घ्यायच्या आधी

मागे पोर्ट दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असं नसतं. सीपीयूचा डबा उघडा आणि मदरबोर्डवर 'कॉम' असं छापलेल्या बारीक पिनांच्या दोन रांगा शोधा. दहा पिनांची जागा असते आणि एक पिन मुद्दाम गाळलेली असते. तिथे पट्टी केबल लावली की मागे नऊ पिनांचा पोर्ट मिळतो, तोही अगदी थोड्या खर्चात. पण ही पट्टी दोन प्रकारच्या जोडणीत येते आणि दिसायला दोन्ही सारख्याच. एक चालली नाही तर बोर्ड खराब समजू नका, दुसऱ्या जोडणीची पट्टी लावून बघा. बायोसमध्ये जाऊन सिरियल पोर्ट 'डिसेबल्ड' तर नाही ना, तेही बघा.

हे काही नसेल, किंवा पोर्टच जळला असेल, तर कार्ड घ्या. घेताना तीन गोष्टी बघायच्या.

एक, स्लॉट. लांब आणि बहुतेक वेळा पांढरा, तो जुना पीसीआय. छोटासा, बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी लांबीचा, तो पीसीआय एक्सप्रेस. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. मोबाईलवर स्लॉटचा फोटो काढूनच दुकानात जा.

दोन, पत्रा. डबा बारका असेल तर अर्ध्या उंचीचा पत्रा लागतो. तो कार्डसोबत आहे का, हे विचारून घ्या.

तीन, चिप आणि ड्रायव्हर. डब्यावर कुठलाही ब्रँड असला तरी काम आतली चिप करते. उदाहरणार्थ, एमसीएस ९८६५ ही चिप मूळची हैदराबादच्या मॉसचिप कंपनीची. पुढे ही चिपची मालिका तैवानच्या एसिक्स कंपनीकडे गेली. त्यामुळे ड्रायव्हर शोधताना दुकानदाराने सांगितलेल्या नावापेक्षा चिपवरचा नंबर कामी येतो. तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं, तेही बघून ठेवा. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्यावर चालत नाही.

"यूएसबी कन्व्हर्टर का नाही?" लॅपटॉप असेल तर तोच पर्याय आहे, वापरा. पण काट्यावर त्याची एक अडचण असते. साफसफाईत कुणी तो काढून दुसऱ्या भोकात लावला की बऱ्याचदा पोर्टचा नंबर बदलतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं. शिवाय बाजारात नकली चिपा आहेत. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरचा एक अपडेट आला आणि नकली चिपांचे कन्व्हर्टर एकाएकी बंद पडले. कार्ड मात्र स्क्रूने घट्ट बसतं आणि जागचं हलत नाही.

बसवायचं कसं

पहिलं काम बॅकअप. काट्याच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या. मग सॉफ्टवेअरमधल्या पोर्ट सेटिंगचा फोटो काढा: कॉम नंबर, बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट.

आता पीसी बंद करा, पॉवर केबल काढा आणि चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड पाकिटातून काढा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावरच्या स्थिर विजेचा झटका चिपला पुरेसा होतो. जिनिंगवरचा पीसी असेल तर स्लॉटमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ असणारच. आधी ब्लोअर मारा. कार्ड सरळ दाबून बसवा आणि स्क्रू लावाच. स्क्रू नसेल तर केबल ओढली गेली की कार्ड तिरकं होतं.

पीसी चालू करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तीनपैकी एक चित्र दिसेल.

पोर्टच्या यादीत नवीन कॉम नंबर दिसला, तर उत्तम. 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळं चिन्ह दिसलं, तर कार्ड ओळखलं गेलं पण ड्रायव्हर नाही. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असं बघा. तिथे व्हेंडरचा नंबर ९७१० दिसला तर चिप मॉसचिपची. तोच नंबर टाकून ड्रायव्हर शोधा. आणि काहीच दिसलं नाही, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. कार्ड नीट बसलं नसेल. काढून, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून, शक्य तर दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा.

नंबरचा घोळ

नवीन कार्डला विंडोज कॉम ५, कॉम ७ असा कुठलाही नंबर देतं. जुन्या सॉफ्टवेअरला बऱ्याचदा कॉम १ ते ४ एवढेच माहीत असतात. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथे नंबर बदलता येतो. हवा तो नंबर 'इन यूज' दाखवत असेल तर बऱ्याचदा ते आधी कधीतरी लावलेल्या कन्व्हर्टरचं भूत असतं. व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' करा आणि जे फिकट दिसतात त्यातले नको असलेले काढून टाका.

सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं असेल तर आणखी एक गोष्ट. तसे काही प्रोग्राम विंडोजला न विचारता थेट ठरलेल्या पत्त्यावर जातात. कॉम १ चा पत्ता ३एफ८, कॉम २ चा २एफ८. पीसीआय कार्डचा पत्ता वेगळा असतो, नंबर बदलला तरी. अशा वेळी काटा मदरबोर्डच्या पोर्टवर ठेवा आणि बाकीची उपकरणं कार्डवर न्या.

त्याहून जुन्या मशीनमध्ये काळ्या लांब स्लॉटचं आयएसए कार्ड सापडलं, तर त्यावर जंपर असतात. कॉम १ आणि कॉम ३ हे दोघं इंटरप्ट ४ वापरतात, कॉम २ आणि कॉम ४ इंटरप्ट ३. एक इंटरप्ट दोघांनी एकदम मागितला की एक गप्प होतो. सिरियल माउस कॉम १ वर आणि काटा कॉम ३ वर असेल, तर माउस हलवला की वजन अडकतं. जंपर बदलून काटा कॉम २ वर आणा.

बिघाड शोधायचा कसा

आता वायरचा तुकडा काढा. काट्याची केबल बाजूला ठेवा आणि कार्डच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना त्या वायरने जोडा. नंबर पोर्टवरच बारीक अक्षरात कोरलेले असतात. पुटी हा फुकट प्रोग्राम उघडा, सिरियल निवडा, आपला कॉम नंबर टाका, फ्लो कंट्रोल 'नन' ठेवा आणि काहीही टाईप करा. टाईप केलेलं स्क्रीनवर उमटलं पाहिजे. वायर काढली की उमटणं बंद झालं पाहिजे. दोन्ही झालं म्हणजे कार्ड, ड्रायव्हर आणि नंबर तिन्ही बरोबर. आता कार्डावर शंका घ्यायची नाही.

मग काट्याची केबल लावा आणि पुटीतच बघा.

आकडे स्वच्छ दिसतात, पण सॉफ्टवेअरमध्ये येत नाहीत? आधी पुटी बंद करा. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो. मग सॉफ्टवेअरमधला कॉम नंबर बघा.

चित्रविचित्र चिन्हं दिसतात? बॉड रेट किंवा पॅरिटी जुळत नाही. १२००, २४००, ४८००, ९६०० एकेक करून बघा. डेटा बिट ८ असतील तर ७ आणि इव्हन पॅरिटी करून बघा.

काहीच दिसत नाही? मल्टिमीटर घ्या आणि डीसी २० व्होल्टवर ठेवा. केबल पीसीपासून काढा, इंडिकेटर चालू ठेवा. केबलच्या टोकाला पाच नंबरवर काळी तार आणि दोन नंबरवर लाल. उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास आलं, तर इंडिकेटर बोलतोय. आकडा थरथरला तर घाबरू नका, वजन जात असेल तर तो थरथरणारच. दोनवर काही नाही पण तीनवर उणे व्होल्ट आहे, तर केबल उलटी आहे, दोन आणि तीनची अदलाबदल लागेल. दोन्हीकडे शून्य, तर केबल तुटली आहे किंवा इंडिकेटरचा पोर्ट गेला आहे. काही इंडिकेटर बटण दाबल्यावरच वजन पाठवतात. त्यामुळे निकाल लावण्याआधी ते सेटिंग बघा.

इथे एक लक्ष्मणरेषा आहे. इंडिकेटरला वैधमापनशास्त्र विभागाचं सील असतं. ते तोडायचं नाही, आतल्या स्क्रूला हात लावायचा नाही. इंडिकेटरच खराब निघाला तर परवानाधारक दुरुस्तीवाल्यालाच बोलवा. आपलं काम केबलच्या कनेक्टरपासून अलीकडे.

पुन्हा जळू नये म्हणून

नवीन कार्डही पहिल्या वळवाच्या पावसात जळालं, असं काट्यांवर होतं. काटा उघड्यावर आणि केबल लांब, त्यामुळे वीज कडाडली की झटका केबलमधून थेट पीसीत येतो. आरएस-२३२ ची केबल साधारण १५ मीटरच्या आत ठेवा. केबिन त्याहून लांब असेल तर दोन्ही टोकांना आरएस-४८५ कन्व्हर्टर लावा, ते १,२०० मीटरपर्यंत चालतं. पीसी आणि इंडिकेटरची अर्थिंग एकच ठेवा. मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर लावला तर दोघांमध्ये तारेची सलग जोडणी राहत नाही, सिग्नल प्रकाशातून जातो. आणि आभाळ भरून आलं, काम बंद असेल, तर केबल सरळ काढून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत.

शेवटचं काम: एका कागदावर कॉम नंबर, बॉड रेट, पॅरिटी, चिपचा नंबर आणि तारीख लिहा आणि सीपीयूच्या बाजूला चिकटपट्टीने लावा. ड्रायव्हरची फाइलही पेन ड्राइव्हमध्ये टाकून तिथेच ठेवा. हंगामात रात्री आठ वाजता, बाहेर वीस ट्रॉल्या उभ्या असताना पोर्ट बंद पडेल, तेव्हा तुम्ही तिथे नसाल. तो कागद असेल.

तुमच्या गावच्या काट्यावर किंवा दूध संकलन केंद्रावर असंच काही अडलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरचा आणि स्लॉटचा फोटो पाठवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया!