स्वनिर्मित संच-विमानातील इंजिनजोडणी : एक विवेचन

सारांश : सुट्या भागांच्या संचातून स्वतः बांधलेल्या विमानात इंजिन बसविणे हे त्या प्रकल्पातील सर्वांत जोखमीचे काम मानले जाते. इंजिन कारखान्यातून तयार मिळते. मात्र ते विमानाशी जोडण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची असते. प्रस्तुत लेखात या जोडणीतील प्रमुख टप्पे आणि त्यांमागील भौतिक तत्त्वे यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : संच-विमान, इंजिन माउंट, फायरवॉल, गुरुत्वमध्य, इंधनप्रवाह चाचणी.

प्रस्तावना

अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमावलीत हौशी व्यक्तींनी बांधलेल्या विमानांचा एक स्वतंत्र 'प्रायोगिक' वर्ग आहे. विमानाचा बहुतांश भाग, म्हणजे प्रचलित भाषेत ५१ टक्के, बांधणाऱ्याने केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा मनोरंजनासाठी तयार केलेला असावा, अशी त्याची अट आहे. कायद्याने 'शिक्षण' हा हेतू येथे स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे, ही बाब अध्यापकांच्या दृष्टीने लक्षणीय ठरते. इंजिन व प्रोपेलर मात्र स्वतः घडविण्याची अपेक्षा नाही. ते विकत घेता येतात.

महाराष्ट्रातही स्वनिर्मित विमानाची कल्पना अपरिचित नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. ते विमान संचातून बांधलेले नव्हते. प्रस्तुत विवेचनासाठी अमेरिकेतील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या आरव्ही-७ या दोन आसनी संच-विमानाचे आणि त्यात बसविल्या जाणाऱ्या लायकमिंग ओ-३६० या १८० अश्वशक्तीच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे उदाहरण घेतले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंजिनजोडणीचा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंना पुरेसे हलके इंजिन बाजारात मिळाले नाही, म्हणून त्यांचे यंत्रकारागीर चार्ल्स टेलर यांनी सुमारे सहा आठवड्यांत १२ अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. १९०३ च्या विमानात वैमानिक मध्यरेषेच्या डावीकडे पालथा झोपत असे, तर इंजिन उजवीकडे होते. इंजिनाचे वजन वैमानिकापेक्षा अधिक असल्याने उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर लांब ठेवण्यात आला होता. इंजिन बसविणे म्हणजे संपूर्ण विमानाचा पुन्हा विचार करणे होय, हे तत्त्व पहिल्याच उड्डाणात अंतर्भूत होते.

आधार आणि समतोल

इंजिन विमानाच्या नाकाशी एका पोलादी नळ्यांच्या चौकटीवर बसते. तिला इंजिन माउंट म्हणतात. इंजिन आणि चौकट यांच्या दरम्यान रबरी गाद्या असतात. बोल्ट अशा कोनात कललेले असतात की त्यांच्या अक्षरेषा पुढे वाढविल्यास त्या इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळ एकत्र याव्यात. त्यामुळे इंजिनाची कंपने गाद्यांमध्ये शोषली जातात आणि सांगाड्यापर्यंत कमी प्रमाणात पोहोचतात. प्रत्येक बोल्ट ठरवून दिलेल्या पिळाने आवळणे आणि नट सैल होणार नाही अशी तजवीज करणे येथे अनिवार्य असते.

समतोलाचा प्रश्न आघूर्णाच्या साध्या सूत्राने सोडविता येतो. समजा, १२० किलोचे इंजिन मूळ आराखड्यापेक्षा ५ सेंटिमीटर पुढे बसले. आघूर्णात ६०० किलो-सेंटिमीटरचा फरक पडेल. विमानाचे एकूण वजन ८०० किलो असल्यास गुरुत्वमध्य ०.७५ सेंटिमीटर पुढे सरकेल. हा आकडा किरकोळ भासतो. परंतु अशा विमानात गुरुत्वमध्याची अनुज्ञेय मर्यादा जेमतेम वीतभर असते आणि वैमानिक, सहप्रवासी, इंधन व सामान यांच्या सर्व शक्यता तिच्यातच सामावाव्या लागतात. १० किलोची बॅटरी ६० सेंटिमीटर मागे नेल्यास हाच फरक भरून निघतो. गुरुत्वमध्य फार पुढे गेल्यास उतरताना नाक उचलणे कठीण होते. फार मागे गेल्यास विमान अस्थिर होते.

अग्नी, इंधन आणि हवा

इंजिन व वैमानिक यांच्यामधील धातूचा पडदा म्हणजे फायरवॉल. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर पोलाद सुमारे १४०० अंशांपर्यंत टिकते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या विमानातही हा पडदा स्टेनलेस पोलादाचा असतो. परंतु त्यातून इंधनाची नळी, विजेच्या तारा आणि नियंत्रणाच्या केबल पलीकडे न्याव्या लागतात. यांपैकी एखादे छिद्र साध्या रबराने बुजविले, तर आगीच्या प्रसंगी पडद्याचा हेतूच विफल होतो. शिवाय अशा फटीतून विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू आसनकक्षात शिरू शकतो.

आरव्ही-७ मध्ये इंधनाच्या टाक्या पंखांत, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पातळीवर असतात. त्यामुळे इंधन पंपानेच चढवावे लागते. इंजिनावर चालणाऱ्या पंपाच्या जोडीला विजेवर चालणारा दुसरा पंप ठेवतात. इंजिन सतत कंप पावत असल्याने फायरवॉलपासून पुढची नळी लवचीक व अग्निरोधक आवरणाची असावी लागते. ती एक्झॉस्टच्या तप्त नळीलगत गेल्यास इंधनाची वाफ होऊन प्रवाह खंडित होण्याचा संभव असतो.

या व्यवस्थेची चाचणी बादली, तराजू आणि घड्याळ एवढ्या साधनांनी होते. विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलून, इंधन कार्ब्युरेटरपाशी बादलीत सोडून प्रवाह मोजला जातो. पंपाच्या व्यवस्थेत तो इंजिनाच्या कमाल गरजेच्या १२५ टक्के असावा असा संकेत आहे. पूर्ण शक्तीवर ताशी सुमारे ६० लिटर इंधन लागत असेल, तर बादलीत दर मिनिटाला किमान १.२५ लिटर पडले पाहिजे. जमिनीवर आडव्या स्थितीत समाधानकारक वाटणारा प्रवाह चढाईच्या कोनात अपुरा पडू शकतो. हा दोष बादलीत दिसला नाही, तर तो धावपट्टी संपल्यानंतर दिसतो.

हवेचा मार्गही असाच काटेकोर असतो. समोरून आलेली हवा सिलिंडरांच्या वरच्या बाजूस कोंडून, त्यांच्या पात्यांमधून खाली जाण्यास भाग पाडण्यासाठी बॅफल नावाचे पत्रे बसवितात. त्यांत फट राहिल्यास हवा निकटच्या मार्गाने निसटते आणि सिलिंडर तापतात. नवीन इंजिनाच्या रिंगा नीट बसण्यासाठी ते उड्डाणात अधिक शक्तीवर चालविणे आवश्यक असते. जमिनीवर दीर्घकाळ चालविणे अपायकारक ठरते. म्हणजेच, पहिल्या उड्डाणापूर्वी जोडणी तपासून घेण्याची संधी मर्यादितच असते.

अपघातांचा पुरावा

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा विशेष अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये ही विमाने तेथील खाजगी व सर्वसाधारण विमानवाहतुकीच्या ताफ्यात सुमारे १० टक्के होती. परंतु त्या क्षेत्रातील प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा सुमारे २१ टक्के होता. शक्तियंत्रणेतील बिघाड आणि विमानावरील नियंत्रण सुटणे ही प्रमुख कारणे आढळली. इंधनव्यवस्थेच्या चाचणीची लेखी नोंद आवश्यक करावी, अशी शिफारसही मंडळाने केली. त्या वर्षीच्या अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने चालविणाऱ्यांनी स्वतः बांधलेली नव्हती, तर जुनी विकत घेतलेली होती. आपण केलेल्या जोडणीवर पुढे एखादा अनोळखी माणूस विसंबणार आहे, हे बांधणाऱ्याने विसरता कामा नये.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, इंजिन आणि विमान स्वतंत्रपणे निर्दोष असले तरी त्यांचा संयोग निर्दोष असेलच असे नाही. दोष बहुधा सांध्यात लपतो आणि सांधा हे एकट्या बांधणाऱ्याचे काम असते. प्रमाणित विमानामागे कारखाना, निरीक्षक व मान्यताप्राप्त आराखडा यांची साखळी उभी असते. येथे त्या साखळीची जागा बांधणाऱ्याची नोंदवही घेते.

आघूर्ण, प्रवाहमापन आणि उष्णतावहन हे विषय आपण वर्गात स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवितो. इंजिनजोडणीत ती एकाच वेळी आणि एकाच चौकटीत उभी राहतात. मोजमाप करून ते लिहून ठेवण्याची शिस्त विद्यार्थ्याला केवळ गुणांसाठी लावली जाते, असा त्याचा समज असतो. त्या शिस्तीवर प्रत्यक्षात कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो, हे दाखविण्यास बादलीतल्या इंधनाइतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.